आबेलच्या नव्या गाण्याचा रविवार

आबेल रुव्हिएर पन्नास वर्षं गाणी लिहीत होता, स्वतःच चाल लावत होता आणि स्वतःच गात होता. पण त्याच्या स्वयंपाकघरात टीव्हीचा कॅमेरा शिरला तो या ऑक्टोबरात, पहिल्यांदा. याआधी आलेल्यांना त्यानं अंगणातच कॉफी पाजून वाटेला लावलं होतं. या वेळी कसा काय तयार झाला, असं गावात कुणी विचारलं की त्याची थोरली बहीण एस्तेर म्हणायची, "सत्त्याहत्तर झाली त्याला. आता नाही तर मग काय, शवपेटीचं झाकण लावल्यावर दाखवणार?"

आलेली माणसं दोनच. तिबो नावाचा छत्तिशीतला दिग्दर्शक, कॅमेराही तोच चालवायचा. आणि आवाजाचं काम बघणारी नोएमी वासाल. तिबोला आबेलवर बावन्न मिनिटांचा माहितीपट करायचा होता. समोर खुर्ची मांडून घेतलेली मुलाखत त्याला नको होती. माणूस जवळून दिसला पाहिजे, दाढी करताना, बहिणीशी भांडताना, ओळ अडली की खिडकीशी जाऊन उभा राहताना, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दोघांचा मुक्काम आबेलच्याच घरात, वरच्या दोन खोल्यांत पडला होता.

नोएमी चोपन्न वर्षांची. तिचे वडील आठवडी बाजारांत चीज विकायचे, आणि त्यांच्या गाडीत आबेलची एकच कॅसेट होती. फीत ताणून आवाज घोगरा होईपर्यंत ती वाजली. पहिल्या दिवशी आबेलच्या कॉलरला माइक लावायला ती पुढं झाली. "जरा मान वर करता का, रुव्हिएरसाहेब?" ती म्हणाली.

"साहेब पॅरिसला राहतात," आबेल म्हणाला. "इथं मी आबेल. आणि हे काय, भेटताना गालावर दोनच पापे? आमच्याकडं तीन घेतात. तिसरा राहिला तर एस्तेर तुला जेवायला वाढणार नाही."

दिवस जात होते तसा नोएमीला हा माणूस जास्तच आवडायला लागला. टीव्हीवर दिसायची हाव नसलेली माणसं तिनं तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी पाहिली होती. आबेल औषधांच्या रिकाम्या कागदी पिशव्यांवर गाणी लिहायचा. एका शब्दासाठी दोन-दोन दिवस अडून बसायचा, टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत ओळीचं वजन बघायचा, आणि शब्द सापडला की कोंबड्यांना जाऊन सांगायचा, कारण एस्तेर ऐकून घ्यायची नाही. तिबोनं एकदा विचारलं, "तुमच्या गाण्यांनी लोकांची आयुष्यं बदलली असं म्हणतात, त्यावर काय सांगाल?" आबेल म्हणाला, "लोकांची काय बदलायची, माझंच बदललं नाही. मी अजून याच घरात आहे." नोएमीला हेडफोनमध्ये हसू दाबताना नाकी नऊ आले.

पण एक गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून तिला बारीक, चढे आवाज ऐकू येईनासे झाले होते. आधी उन्हाळ्यातले नाकतोडे गेले. मग किटलीची शीळ, मग मोटारीचा पट्टा लावला नाही की वाजणारी टिंव टिंव. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा एका गावात जाऊन तिनं कान तपासून घेतले. डॉक्टरनं आलेख दाखवला. डावीकडून नीट सपाट चाललेली रेघ मध्येच कड्यावरून खाली कोसळली होती. तरुणपणी दहा वर्षं रॉकवाल्यांच्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर उभं राहून काम केलं, त्याचं हे फळ. तो कागद तिनं मोटारीच्या खणात कोंबला, आणि त्या दिवसापासून ती निम्मं काम डोळ्यांनी करायला लागली. यंत्राच्या पडद्यावरच्या रेघा बघायच्या, बोलणाऱ्याचे ओठ बघायचे, दिग्दर्शकाचा चेहरा बघायचा. हे कळलं तर दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी कामावर बोलावणार नव्हतं. आवाजाचं काम करणाऱ्या बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण कशाला बोलावेल?

तिबोचा सगळा जीव अडकला होता तो रविवारात. आबेलची एक पद्धत होती, आणि ती त्यानं पन्नास वर्षांत मोडली नव्हती. नवं गाणं तयार झालं की ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी शेजारपाजारचे लोक त्याच्या स्वयंपाकघरात जमायचे. चुलीवर चेस्टनटची जाड सालीची फळं भाजायचे, टेबलाभोवती बसून सगळे ते सोलायचे, आणि आबेल गाणं म्हणायचा. एकदाच. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. आबेल लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायचाच नाही, तो हात बघायचा. कुणाचे हात सोलता सोलता थांबले तर ती ओळ त्याच्या लेखी बाद.

"उलटंच की हो," तिबो म्हणाला होता. "थांबले म्हणजे आवडली ना?"

"थांबले म्हणजे ओळ मिरवतेय," आबेल म्हणाला. "चांगली ओळ काम करता करता आत जाते. नंतर जिना चढताना आठवते."

"आणि परत एकदा म्हणून दाखवाल का? दुसऱ्या बाजूनं कॅमेरा लावून?"

"बाळा, पहिल्यांदा एकदाच असतं. तुझं लग्न झालंय का?"

तिबोचं झालं नव्हतं, पण त्याला मुद्दा कळला. वाहिनीवाल्यांनी रात्री जेवणानंतरची चांगली वेळ दिली होती ती या एका दृश्याच्या भरवशावर. आबेल रुव्हिएर नवं गाणं पहिल्यांदा गातो, तेही स्वतःच्या माणसांत, हे आजवर बाहेरच्या कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी दुपारी माणसं आली. शेळ्या पाळणारा साम्युएल आला, पोस्टात टपाल वाटणारी मिरेय आली, आणखी सात-आठ जण. स्वयंपाकघर काळोखं, म्हणून तिबोनं नवा कोरा दिवा लावला. आबेल म्हणाला, "या उजेडात चेस्टनटसुद्धा लाजतील," पण दिवा राहिला. नोएमीनं आबेलच्या कॉलरला एक माइक लावला, टेबलावर एक लपवला, लांब दांडीचा एक हातात धरला आणि हेडफोन कानांवर चढवले.

गाणं पावाच्या गाडीवर होतं. डोंगरातल्या वाड्यांवर मंगळवारी आणि शुक्रवारी पाव घेऊन येणारी गाडी. प्रत्येक वळणावर गाडीवान भोंगा वाजवतो, बायका ॲप्रनला हात पुसत बाहेर येतात. मग एकेक वळणावर कुणी येईनासं होतं. एका वळणावर तर आता घरच उरलेलं नाही, नुसती भिंत आहे, आणि गाडीवान तिथंही भोंगा वाजवतो; घटकाभर थांबतो आणि पुढं जातो. बस, एवढंच. आबेलचा आवाज आता पूर्वीसारखा भरदार नव्हता. जिथं सूर पोचत नव्हता तिथं तो सरळ बोलत होता, आणि त्यानं गाणं आणखीच खरं वाटत होतं. हेडफोनमध्ये तो नोएमीच्या अगदी जवळ होता. त्याची ओठ ओलावण्याची सवय, गिटारच्या तारेवरून सरकणारं बोट, सगळं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात दांडीवर असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

साम्युएलचे हात दोनदा थांबले, तेवढं सोडलं तर सगळे सोलत राहिले. गाणं संपल्यावर नोएमीनं नेहमीप्रमाणे एक मिनिट सगळ्यांना जागच्या जागी गप्प बसायला सांगितलं. खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी लागते, पुढं तुकडे जोडताना ती कामाला येते. त्या मिनिटात मिरेय कानात बोट घालून फिरवत होती. खाज सुटली असेल, असं नोएमीला वाटलं.

सोमवारी सकाळी तिबोनं तिला वर हाक मारली. त्याच्यासमोर संगणक उघडा होता आणि चेहरा पांढरा पडला होता. "हे काय आहे, नोएमी?" म्हणून त्यानं हेडफोन तिच्या हातात दिले.

तिनं लावले. आबेल गात होता. सुरेख गात होता. बाकी काहीही नव्हतं.

"ऐकतेयस ना?"

"हो," ती म्हणाली.

"डोक्यात सुई घातल्यासारखी शीळ आहे सबंध गाण्यावर! पहिल्यापासून शेवटपर्यंत! मी कॅमेऱ्यात डोकं घालून होतो, पण तुला काल कशी काय ऐकू आली नाही?"

आवाज पॅरिसला पाठवला, काही साफ होतंय का बघायला. मंगळवारी दुपारी उत्तर आलं. शीळ एका जागी थांबत नाही, वरखाली डोलते. ती काढायला गेलं की तिच्याबरोबर म्हाताऱ्याचे शब्दही जातात, घोंगडीआडून गातोय असं वाटतं. तिबो खाली स्वयंपाकघरात आला तो फोन हातात धरूनच. आबेल आणि एस्तेर कॉफी पीत बसले होते, नोएमी वायरींची वेटोळी करत होती.

"गेलं," तिबो म्हणाला. "अख्खं गाणं गेलं. मला फक्त एक सांग, नोएमी. तीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईला एवढी मोठी शीळ ऐकू येत नाही, हे मी वाहिनीला कसं सांगू? काय करत होतीस तू?"

नोएमीनं हातातली वायर खाली ठेवली. आबेलनं कप खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, आणि उठून आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर करड्या रंगाची एक छोटी वस्तू होती, पावट्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी.

"शीळ माझी आहे," तो म्हणाला. "हे कानाचं यंत्र. केसांखाली लावतो म्हणून कुणाला दिसत नाही. नीट बसलं नाही की शीळ मारतं, आणि मारतं ते मलाच ऐकू येत नाही. त्या बाईला कशाला बोल लावतोस? तिला वाटलं असेल, घरातलंच काहीतरी आहे, म्हाताऱ्याला कशाला मध्येच थांबवायचं."

तिबोचा चेहरा क्षणात पालटला. कॅमेरा टेबलावरच होता. "आबेल," तो हळूच म्हणाला, "हेच परत सांगाल? असंच, यंत्र हातात धरून?"

आबेलनं सांगितलं. पन्नास वर्षं गाणाऱ्या माणसानं, डोक्यावरचे पांढरे केस बाजूला करून, आपल्याला नीट ऐकू येत नाही हे कॅमेऱ्याला सांगितलं. नोएमीनं लांब दांडीचा माइक त्याच्या डोक्यावर धरला होता, आणि तेव्हाच तिला ते दिसलं. यंत्राच्या बारक्या बॅटरीवरची नारिंगी चिकटपट्टी अजून जागच्या जागी होती. ती सोलून काढल्याशिवाय या बॅटऱ्या चालूच होत नाहीत, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बॅटऱ्या बदलण्यातच तिची हयात गेली होती. हे यंत्र आजवर एकदाही चालू झालेलं नव्हतं.

संध्याकाळी एस्तेर सूप करायला वाळवलेले चेस्टनट निवडत होती. नोएमी तिच्यासमोर बसली आणि तिनं सरळ विचारलं.

"दोन वर्षं झाली ते यंत्र घेऊन," एस्तेर म्हणाली. "डबी उघडली नाही पठ्ठ्यानं. गवयाच्या कानात यंत्र बघून लोक काय म्हणतील! मी हाका मारमारून घसा फोडते, तर म्हणतो तू पुटपुटतेस. जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाही, आणि आज टीव्हीपुढं नाचवत होता ते."

"मग आज का?"

"मला काय विचारतेस? तो काय, कोंबड्यांपाशी बसलाय."

आबेल खरंच खुराड्यापाशी उलट्या बादलीवर बसला होता. नोएमी त्याच्यासमोर, अगदी समोर, उभी राहिली. "ती पट्टी मी पाहिली," ती म्हणाली.

"पाहिलीस का? डोळे बाकी चांगले आहेत तुझे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दोन दिवसांतच. लोक माझ्या डोळ्यांकडे बघतात, नाहीतर गिटारकडे. तू तोंडाकडे बघतेस. असं कोण बघतं ते मला ठाऊक आहे, मीही तेच करतो." त्यानं एका कोंबडीला पायानं दूर सारलं. "हे बघ पोरी, मला आता कुणाकडे काम मागायचं नाही. तुला मागायचंय. माझी थोडी शोभा झाली तर झाली."

"आणि गाणं?"

"गाणं माझ्याकडेच आहे की. कुठं पळून गेलंय?"

नोएमीला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. ती रडली नाही, पण दान मात्र तिनं घेतलं. तिबोला खरं सांगायला गेली नाही. त्या संध्याकाळी सूप पिताना तिला दोन वर्षांत पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं.

सुटका टिकली ती बुधवार सकाळपर्यंत. तिबो फोनवर वाहिनीशी बोलत जिन्यावरून खाली येत होता आणि आनंदानं त्याचे पाय पायऱ्यांवर ठरत नव्हते. "हो, हो! सुरुवातच त्या यंत्राच्या कबुलीनं करायची. गाणं गेलं तर जाऊ दे, हे गाण्यापेक्षा मोठं आहे. बहिरा होत चाललेला गायक! नावही तसंच काहीतरी देऊ." फोन ठेवल्यावर त्यानं आबेलला बैठकीच्या खोलीत बसवलं. एस्तेरच्या जुन्या तबकडीयंत्रावर आबेलचीच चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी लावली आणि म्हणाला, "एवढंच करायचंय. तुम्ही स्वतःचं गाणं ऐकताय, आणि ते तुम्हाला ऐकू येत नाहीये. आवाज वाढवायला हात पुढं करा. वाढवा. तरी ऐकू येत नाही. मग हात खाली."

"मला हे ऐकू येतं," आबेल म्हणाला.

"माहितीये हो. पण बघणाऱ्याला कळायला नको का?"

आबेलनं नोएमीकडे एकवार पाहिलं आणि हात पुढं केला. आवाज वाढवला. आपलाच तरणा आवाज खोलीभर घुमत असताना तो न ऐकू आल्यासारखा शून्यात बघत बसला. ज्या माणसानं पन्नास वर्षांत खोटी ओळ गाण्यात राहू दिली नव्हती, तो सोंग करत होता. वाईट करत होता, आणि कुणासाठी करत होता हे त्याच्याखेरीज खोलीत एकाच व्यक्तीला माहीत होतं.

"बघा, तो हात, जरा हळू खाली," तिबो कुजबुजला. "परत एकदा घेऊ या."

"थांब," नोएमी म्हणाली.

"काय झालं? आवाजात काही आलं?"

"थांब म्हणते ना!" तिनं तबकडीवरची सुई उचलली. मग हातातली दांडी उलटी फिरवली, माइक स्वतःच्या तोंडासमोर आणला आणि तिबोला म्हणाली, "कॅमेरा चालू ठेव. मी नोएमी वासाल. या चित्रपटाचा आवाज मी करते. मला चढे आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. रविवारची शीळ तुझ्या नव्या दिव्याची होती. मी काल दिवा लावून आणि विझवून पडद्यावर रेघ बघितली. कानांनी नाही, डोळ्यांनी बघितली. आबेलच्या यंत्राचा तिच्याशी काही संबंध नाही."

"पण ते स्वतःच म्हणाले की..."

"ते मला वाचवत होते." तिनं आबेलच्या खिशातून यंत्र काढलं, कॅमेऱ्यासमोर धरलं आणि नारिंगी पट्टी नखानं सोलली. "हे बघ. आत्ता, या क्षणी चालू झालं हे. आयुष्यात पहिल्यांदा."

यंत्र तिच्या मुठीत होतं. तिबोनं एकदम तोंड वेडंवाकडं केलं आणि खांदा कानाला लावला. नोएमी आणि आबेल, दोघंही त्याच्याकडे टकमक बघत राहिले.

"वाजतंय का?" आबेलनं विचारलं.

"वाजतंय," तिबो म्हणाला.

दाराशी एस्तेर उभी होती. आधी ती हसायला लागली, मग आबेल, मग नोएमी, हसता हसता तिचा बांध फुटला. तिबो तेवढा हसला नाही. कॅमेरा बंद करून तो बाहेर अंगणात गेला आणि तासभर फेऱ्या मारत राहिला. त्याच्या जागी कोणीही असतं तरी संतापलं असतं. त्याचं गाणं गेलं होतं, गाण्यापेक्षा मोठं सापडलेलंही आता गेलं होतं, आणि दोन्हींत त्याचा दोष एवढाच की त्यानं नवा दिवा आणला.

आबेलही चिडला. "दिलेली वस्तू अशी परत करतात होय? सगळ्यांच्या देखत?" तो म्हणाला. "आता तुला काम कोण देणार? मूर्ख बाई!"

"तुम्ही सोंग करत होतात. मला बघवेना," नोएमी म्हणाली. "तेसुद्धा इतकं वाईट सोंग."

"वाईट होतं?"

"फार वाईट."

"हं," आबेल म्हणाला. त्याचा राग तिथंच निम्मा उतरला. यंत्र त्यानं पुसलं आणि या वेळी खरोखरच कानात बसवलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून एस्तेर काहीतरी बोलली. आबेल म्हणाला, "अरे देवा, ही दोन वर्षं हे असलं बोलत होती!"

तिबो आत आला तेव्हा नोएमीनं सामान आवरायला घेतलं होतं. त्यानं तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. मग तीच म्हणाली, "माँपेलिए शहरात लुसियाँ म्हणून आहे, आवाजाचंच काम करतो. त्याचे कान फार चांगले आहेत. मी त्याला फोन केलाय, शनिवारी येतोय."

"शनिवारी कशाला?" तिबो म्हणाला. "रेकॉर्ड करायला आता राहिलंय काय?"

याचं उत्तर आबेलनं दिलं. "रविवार राहिलाय," तो म्हणाला. "साम्युएलचे हात दोन जागी थांबले होते. ती दोन्ही कडवी मी काढली. एक नवं लिहितोय, शुक्रवारपर्यंत होईल. परत बोलवा सगळ्यांना."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, पहिल्यांदा एकदाच असतं."

"तसंच आहे. पण हिनं कुठं ऐकलंय?" आबेलनं नोएमीकडे हात केला. "हिच्या हातात दांडी होती, डोळे पडद्यावरच्या रेघांवर होते. ती काम करत होती. हिच्यासाठी हे पहिल्यांदाच आहे. मी हिला ऐकवणार आहे. बाकीच्यांनी हवं तर बसावं."

पन्नास वर्षांत एका गाण्याला दोन रविवार कधी मिळाले नव्हते, त्यामुळे मागच्यापेक्षा जास्त माणसं आली. लुसियाँनं आल्या आल्या डोकं वर करून खोलीत एक चक्कर मारली आणि विचारलं, "हा दिवा कुणाचा?" तिबोनं निमूटपणे दिवा काढून खिडकी उघडली. नोएमी आपलं सगळं सामान लुसियाँच्या हवाली करून मोकळ्या हातांनी उभी राहिली. तीस वर्षांत चित्रीकरणाच्या वेळी तिच्या कानांवर हेडफोन नाहीत असं कधी झालं नव्हतं. कुठं बसावं तेही तिला कळेना. शेवटी एस्तेरनं तिला दंडाला धरून टेबलाशी, साम्युएल आणि मिरेयच्या मध्ये बसवलं आणि तिच्यापुढं पाटीभर गरम चेस्टनट ओतले.

"डाव्या कानानं जास्त ऐकू येतं की उजव्या?" मिरेयनं सहज, चहा हवा की कॉफी असं विचारावं तसं विचारलं. बुधवारची गोष्ट गुरुवारी गावभर झाली होती.

"उजव्या," नोएमी म्हणाली. मिरेय उठली आणि नोएमीचा उजवा कान आबेलच्या खुर्चीकडे यावा म्हणून दोघींनी जागा बदलल्या.

आबेल गिटार घेऊन आला. त्याची खुर्ची खिडकीच्या उजेडात, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवली होती. तिबोनं त्यावर सकाळभर डोकं चालवलं होतं. आबेलनं खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून नोएमीसमोर आणून ठेवली, दोघांचे गुडघे लागतील इतकी जवळ. कॅमेऱ्याकडे आता त्याची निम्मी पाठ होती.

"आबेल," तिबो हलकेच म्हणाला, "कॅमेरा इकडे आहे. तोंड दिसत नाहीये तुमचं."

"कॅमेऱ्याचे कान शाबूत आहेत, तिबो," आबेल म्हणाला. "हिचे नाहीत. तूच ये इकडे."

तिबोनं कॅमेरा उचलला आणि चुलीला वळसा घालून, माणसांचे पाय चुकवत, नोएमीच्या खांद्यामागं येऊन उभा राहिला. आबेलनं ओठ ओलावले आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश, एकेक शब्द पुरा उघडत, गायला सुरुवात केली. नोएमीनं हातात चेस्टनट घेतला, मान वर केली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, न चोरता, सगळ्यांच्या देखत, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत गाणं ऐकलं.